गंजाचं मोल

पितळेचं भांडं काळवंडलं की आपला हात आपोआप चिंचेकडे जातो. माझ्या आजीच्या घरी सणाच्या आदल्या दिवशी समया, निरांजनं, ताम्हन, घंगाळ असं सगळं मागच्या अंगणात यायचं आणि संध्याकाळी सोन्यासारखं होऊन आत जायचं. पुढे मी इंजिनीयर झालो, टूलरूममध्ये आयुष्य काढलं. तिथली शिकवणही तीच होती. मशीनच्या बेडवर गंजाचा ठिपका दिसला, तर ज्याच्या पाळीत दिसला त्याला बोलणी बसत. गंज म्हणजे हलगर्जीपणा, चकाकी म्हणजे काळजी, असा हा दुहेरी संस्कार. त्यामुळे माझ्या हातून एकदा काय झालं, ते या पुस्तकाच्या लेखकाला ठाऊक आहे, आणि म्हणूनच प्रस्तावना मीच लिहावी असा त्यानं हट्ट धरला. तेव्हा ते सांगूनच सुरुवात करतो.

१९९१ साली आम्ही कनेटिकटमध्ये राहत होतो. शेजारच्या आजीबाई नवऱ्याच्या पश्चात घर आवरत होत्या. नवऱ्याच्या आजोबांची एक विंचेस्टर कार्बाइन तळघरात होती. मला लोखंडातलं कळतं म्हणून ती त्यांनी, सगळी कागदपत्रं रीतसर करून, माझ्या हवाली केली. १८९२चं मॉडेल, .४४-४० काडतुसाचं, वीस इंची नळी, डाव्या अंगाला खोगिराला अडकवायची कडी. लोखंड जांभळट तपकिरी झालेलं, दस्ता तीन पिढ्यांच्या हातांच्या तेलानं काळपट पडलेला. शनिवारी सकाळी मी ती बारीक तारेच्या लोकरीनं घासायला घेतली. दुपारी पॉलिश पेपर आला. रविवारी बाटलीतला निळा रंग लोखंडावर चढवला, दस्त्याला सँडपेपर मारून व्हार्निशचे दोन हात दिले. सोमवारी ती नव्यासारखी दिसत होती, आणि मला मनापासून वाटत होतं की मी तिची सेवा केली.

दोन वर्षांनी एका प्रदर्शनात ती एका जाणत्या विक्रेत्याला दाखवली. त्यानं ती खिडकीकडे धरली, अंगठा रिसीव्हरच्या, म्हणजे यंत्र बसवलेल्या लोखंडी पेटीच्या, कडेवरून फिरवला, स्क्रूंच्या खाचा पाहिल्या आणि अलगद टेबलावर ठेवली. हे कोणी केलं, एवढंच त्यानं विचारलं. मग समजावून सांगितलं. मी जो तपकिरी थर गंज समजून काढला, तो कारखान्यातून निघालेल्या मूळ निळ्या रंगाचाच शंभर वर्षांनी झालेला बदल होता. काडतूस भरायच्या झडपेच्या कडेला आणि लिव्हरच्या आतल्या वळणात मूळ निळाई बहुधा शिल्लक होती. मी तीही काढली होती. त्या शनिवार-रविवारात त्या कार्बाइनची निम्म्याहून अधिक किंमत माझ्या हातानं गेली होती. पैशांचं दुःख फार नव्हतं, कारण ती विकायची नव्हतीच. दुःख याचं होतं की तिच्या अंगावर एका घराण्याचा सगळा वापर लिहिलेला होता, आणि तो मी न वाचताच पुसला.

हे पुस्तक वाचायला शिकवतं. जुन्या लिव्हर-ॲक्शन रायफलींचा संग्रह कसा करावा आणि त्यांचं मोल कसं ठरवावं, असा त्याचा विषय वरवर दिसतो. पण प्रत्येक प्रकरणात लेखक एकाच गोष्टीवर येतो : आधी वाचा, मग बोला, आणि हात शक्यतो लावूच नका. शिवराई गोळा करणाऱ्या आपल्याकडच्या नाणेसंग्राहकांना हे सांगावं लागत नाही. तांब्याच्या नाण्यावरचा काळसर थर घालवला की अक्षरं उठून दिसतात आणि नाणं मात्र मरतं, हे त्यांना पक्कं माहीत असतं. बंदुकीच्या बाबतीत ही समज आपल्यात रुजलेली नाही, कारण बंदूक ही आपल्याकडे बहुतेक घरांत कधी आलीच नाही.

जिथे आली तिथे ती ठासणीची आली. कोकणातल्या वाचकाला ठासणीची बंदूक ठाऊक असते. डुकरं-वानरं शेतात शिरतात म्हणून तिचे परवाने अजून आहेत, आणि निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, गजानं ठासायचं, मागे निपलवर केप बसवायचा, घोडा ओढायचा, आणि मग एक बार. त्यानंतर सगळं पहिल्यापासून. पावसात दारू ओलावली तर तोही नाही. १८५० च्या सुमाराला जगातले बहुतेक सैनिक याच पद्धतीनं लढत होते. त्यांच्या शेजारी असा माणूस उभा करा, ज्याचा हात चापाखालचा लिव्हर फक्त खाली-वर करतो आणि दर वेळी नवा बार तयार असतो. लिव्हर-ॲक्शननं काय केलं ते कळायला एवढं चित्र पुरे.

हे घडलं ते मात्र लिव्हरमुळे कमी आणि काडतुसामुळे जास्त. वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन संशोधकानं १८४८ मध्ये पोकळ बुडाची गोळी काढली. दारू त्या पोकळीतच भरलेली होती. दुसऱ्या वर्षी त्यानं अनेक बारांची रायफलही काढली, पण ती नाजूक आणि गुंतागुंतीची निघाली. लुईस जेनिंग्जनं ती सुधारली, मग होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी तिच्यावर काम केलं, आणि १८५५ मध्ये व्हॉल्कॅनिक नावाची कंपनी उभी राहिली. त्या कंपनीत पैसे घालणाऱ्यांत न्यू हेवनचा एक शर्ट बनवणारा कारखानदार होता, ऑलिव्हर विंचेस्टर. गोळीतच दारू म्हणजे दारूला जागा थोडी, म्हणजे मार दुबळा. कंपनी डबघाईला आली, ती विंचेस्टरनं ताब्यात घेतली, आणि कारखान्याचा कारभार बेंजामिन टायलर हेन्री नावाच्या कारागिराकडे दिला. हेन्रीनं गोळी, दारू आणि ठिणगी तिन्ही तांब्याच्या एका पुंगळीत बांधली आणि ते काडतूस चालवणारी रायफल तयार केली. पेटंटची तारीख १६ ऑक्टोबर १८६०. पुढे कित्येक वर्षं विंचेस्टरच्या रिमफायर काडतुसांच्या बुडावर एच हे एकच अक्षर ठोकलेलं असायचं, ते हेन्रीच्या नावाचं. कारागिराचं नाव मालकाच्या मालावर राहिलेलं पाहिलं की मला बरं वाटतं.

इथे एक खुलासा करायला हवा, कारण आपल्याकडे ही गल्लत नेहमी होते. ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी फौजेत जी मार्टिनी-हेन्री होती, तिलाही खाली लिव्हर असतो. पण ती एका वेळी एकच काडतूस घेते, आणि तिच्या नावातला हेन्री वेगळा. तो एडिनबरोचा बंदूककार अलेक्झांडर हेन्री. तिचा संग्रह हा स्वतंत्र आणि फार मोठा विषय आहे. २००३ मध्ये काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातला साठा अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतला, तेव्हापासून तर तो आणखी वाढला. या पुस्तकात तिला जागा नाही, आणि लेखकाचा तो निर्णय मला पटतो.

आता यंत्राकडे येऊ, कारण मी त्यातला माणूस आहे आणि इथे मला थोडं रेंगाळायचं आहे. हेन्री आणि विंचेस्टरची १८६६ व १८७३ची मॉडेलं, या तिन्ही रायफलींचं काळीज म्हणजे एक गुडघा. दोन पट्ट्या मध्ये खिळीनं जोडलेल्या, आणि अशी जोडी दोन्ही बाजूंना. आपण ताठ उभे असतो तेव्हा गुडघ्यावर कितीही भार आला तरी तो वाकत नाही, पण मागून बोटानं टेकवलं तरी वाकतो. अगदी तसंच. लिव्हर वर असताना पट्ट्या सरळ रेषेत असतात आणि काडतुसाचा मागे येणारा धक्का त्या रेषेवर पेलला जातो. लिव्हर खाली ढकलला की गुडघा वाकतो आणि काडतुसामागचा बोल्ट मागे सरकतो. रिकामी पुंगळी बाहेर पडते, तोच बोल्ट घोड्याला मागे दाबून चढवतो, आणि पितळेचा एक ठोकळा पुढचं काडतूस घेऊन विहिरीतल्या पोहऱ्यासारखा वर येतो. लिव्हर वर घेतला की काडतूस नळीत, ठोकळा खाली, गुडघा ताठ. १८७३च्या चांगल्या राखलेल्या रायफलीचा लिव्हर रिकामा हलवून पाहिला तर दोन वेगळे आवाज येतात, खाली जाताना एक आणि वर येताना एक. दोन्ही आवाज स्वच्छ असले तर आतल्या खिळ्या झिजलेल्या नाहीत. जुन्या काळच्या फिटरला कान असायचे म्हणतात, ते हे.

या गुडघ्याची ताकद मात्र मर्यादित होती. पिस्तुलाच्या तोलाचं काडतूस त्याला झेपायचं, रानरेड्याचं नाही. १८७६ साली विंचेस्टरनं तोच सांगाडा मोठा करून पाहिला, कॅनडाच्या नॉर्थ वेस्ट माउंटेड पोलिसांनी तो घेतलाही, पण खरा उपाय युटामधल्या ऑग्डेन गावातल्या एका तरुणानं काढला. जॉन मोझेस ब्राउनिंग. त्यानं गुडघा काढून टाकला आणि बोल्टच्या दोन्ही अंगांना वर-खाली सरकणाऱ्या दोन जाड पोलादी कड्या दिल्या. दाराला आतून आडणा लावावा तशा. तीच १८८६ची रायफल. मग १८९२, मग १८९४, मग पेटी-मॅगझिनची १८९५. या माणसाचा हात लागला आणि विंचेस्टरची पुढची वीस-तीस वर्षं ठरून गेली. १८९४चं मॉडेल न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद होईपर्यंत बनत होतं, सत्तर लाखांहून जास्त. १८९५चे तर जवळजवळ तीन लाख नग पहिल्या महायुद्धात रशियाच्या झारनं घेतले. मार्लिन, सॅव्हेज, व्हिटनी, कोल्ट या बाकीच्या घराण्यांवर लेखकानं एकेक प्रकरण दिलं आहे. त्यातलं सॅव्हेजवरचं मुद्दाम वाचा. बाहेर घोडाच नसलेली आणि काडतुसं फिरत्या चक्रात ठेवणारी ती रायफल तिच्या काळाच्या पुष्कळ पुढे होती.

मोल कशावर ठरतं, हा प्रश्न आता.

वयावर ठरत नाही. हे नव्या माणसाला सगळ्यात अवघड जातं. १८७३च्या मॉडेलचे सव्वासात लाखांच्या आसपास नग निघाले. सुरुवातीला तिची किंमत ५० डॉलर होती, १८८२ पर्यंत ती २५ वर आली. शेतकऱ्यानं, गुराख्यानं, टपालगाडीच्या पहारेकऱ्यानं ती घेतली आणि राबवली. त्याच काडतुसाचं कोल्ट रिव्हॉल्व्हर १८७८ पासून मिळू लागलं, म्हणजे कमरेच्या एकाच पट्ट्यात दोन्ही शस्त्रांची सोय झाली. जी वस्तू एवढी वापरली गेली, ती जुनी आहे म्हणून दुर्मीळ नसते. तीच वस्तू न झिजता, न घासता, न रंगवता राहिली असेल तर मात्र दुर्मीळ असते. म्हणून संग्राहकांच्या जगात पहिला प्रश्न असतो : मूळ रंग किती टक्के उरलाय? आणि उत्तर सरळ पट्टीनं किमतीत उतरत नाही. शेवटच्या दहा टक्क्यांत जी किंमत चढते, ती आधीच्या पन्नास टक्क्यांत चढत नाही.

मूळ रंग ओळखायचा कसा, यावर लेखकानं चाळीस पानं खर्च केली आहेत आणि तीच या पुस्तकाची कमाई आहे. मी एकच सांगतो, कारण ते मी त्याच्या घरी त्याच्याच भिंगातून पाहिलं. नळीवर कंपनीचं नाव आणि पत्ता ठोकलेला असतो. ठोकणीनं अक्षर आत जातं तेव्हा धातू बाजूला सरतो आणि अक्षराच्या काठाला केसाएवढी उंच कड उभी राहते. ओल्या मातीत बोट दाबलं की कडेला माती उचलते तशी. अस्पर्श रायफलीवर दहापट भिंगाखाली ही कड दिसते आणि नखाला जाणवते. बफिंगचं चाक एकदा फिरलं की सगळ्यात आधी तीच जाते. अक्षरं वाचता येतात, पण पाण्यानं झिजलेल्या शिलालेखासारखी मऊ दिसतात. त्यानं शेजारी माझी कार्बाइन ठेवली. तिच्या अक्षरांना कड नव्हती. स्क्रूंच्या भोकांचे काठ बशीसारखे आत वळले होते. दस्त्याचं लाकूड जिथे लोखंडाला भिडतं, तिथे ते लोखंडाच्या पातळीखाली गेलं होतं. कारखान्यात लाकूड नेहमी किंचित वर ठेवत, कारण पुढे ते आकसणार हे सुताराला माहीत असे. लाकूड खाली दिसलं की कोणीतरी सँडपेपर मारला, हे न विचारताच कळतं.

हे सगळं पाहताना मला सगळ्यात जास्त पटलं ते पितळेचं. १८६६च्या मॉडेलचा रिसीव्हर पितळी कांशाचा, म्हणून तिला लोकांनी पिवळा पोर अशा अर्थाचं नाव दिलं. दीडशे वर्षांत तो पिवळा रंग मधासारखा, मग जुन्या गुळासारखा होतो. त्यावर चिंच किंवा लिंबू फिरवलं, तर पाच मिनिटांत आजीच्या समईसारखा होईल. आणि मग तो मधाचा रंग परत यायला पुन्हा दीडशे वर्षं लागतील.

दुसरी गोष्ट कागदाची. वायोमिंगमधल्या कोडी गावात बफेलो बिल यांच्या नावाचं मोठं संग्रहालय आहे, त्याच्या शस्त्रविभागात विंचेस्टर कारखान्याच्या जुन्या वह्या जपून ठेवल्या आहेत. रायफलीचा अनुक्रमांक कळवून शुल्क भरलं की ते वही पाहून पत्र देतात : काडतूस कुठलं, नळी गोल की अष्टकोनी, चाप साधा की दुहेरी, गोदामात कधी आली, कधी रवाना झाली. विकत कोणी घेतली हे सहसा नसतं. संग्राहक याला नुसतं 'कोडीचं पत्र' म्हणतात. सगळ्या वह्या उरलेल्या नाहीत. १८६६च्या पहिल्या लाख-सव्वा लाख रायफलींची नोंदच नाही, १८९४ची सुरुवातीच्या सुमारे साडेतीन लाखांपर्यंतच आहे. पण जिथे आहे तिथे ती वही म्हणजे जन्मनोंद. वहीत गोल नळी आणि हातात अष्टकोनी असेल, तर मधल्या काळात कोणीतरी नळी बदलली. कदाचित १८९० मध्ये, फुटली म्हणून. कदाचित गेल्या वर्षी, किंमत वाढावी म्हणून. दोन्हींत फार मोठा फरक आहे, आणि तो ओळखायला पुन्हा भिंगच घ्यावं लागतं.

कागदाचा खरा खेळ दिसतो तो खास रायफलींत. विंचेस्टर आपल्या नळ्या नेमबाजीला लावून पाहत असे. ज्या नळ्यांचा नेम विशेष अचूक ठरायचा, त्यांच्या रायफली जादा सजवून 'हजारात एक' असा शिक्का घालून महाग विकल्या. १८७३च्या मॉडेलमध्ये अशा जेमतेम १३६ निघाल्या. १९५० साली जेम्स स्ट्युअर्टचा विंचेस्टर '७३ हा चित्रपट आला, तेव्हा स्टुडिओनं जाहिराती देऊन अशा रायफली शोधायची मोहीम काढली आणि लोकांच्या माळ्यांवरून त्या खरोखर निघाल्या. त्यानंतर खोटे शिक्केही निघू लागले. शिक्का ठोकणं सोपं आहे, वहीत ओळ घालणं शक्य नाही.

सांगीव गोष्टींना मात्र या बाजारात काडीची किंमत नाही. ही अमुक दरोडेखोराची, ही तमुक शेरीफची, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. गोष्टीला जेव्हा अक्षराचा पुरावा असतो, तेव्हा काय होतं याचं एकच उदाहरण देतो. १८८६च्या मॉडेलची पहिली रायफल, अनुक्रमांक एक, कॅप्टन हेन्री लॉटनला त्याच्या मित्रानं भेट दिली होती. हा लॉटन म्हणजे त्याच वर्षी अपाची नेता जेरोनिमोचा पाठलाग करणाऱ्या तुकडीचा प्रमुख. एप्रिल २०१६ मध्ये लिलावात त्या रायफलीला १२ लाख ६५ हजार डॉलर आले. पहिला क्रमांक, कोरलेलं नाव, घराण्यातून अखंड आलेला वारसा, आणि जवळजवळ न झिजलेला रंग. चारही गोष्टी एकत्र येणं पुन्हा होणे नाही.

जेरोनिमोचं नाव आलं, तेव्हा ज्या गोष्टीबद्दल लेखकाशी माझं खूप वेळ बोलणं झालं, ती इथे मांडतो. विंचेस्टरला अमेरिकेचा पश्चिम जिंकून देणारी बंदूक म्हणत. जाहिरातीतलं वाक्य. जिंकली ती जमीन रिकामी नव्हती. संग्राहकानं हे विसरून चालणार नाही, आणि या पुस्तकाचा मला अभिमान वाटतो तो यासाठी की त्यात ते विसरलेलं नाही. २५ जून १८७६ ला लिटल बिगहॉर्नच्या लढाईत अमेरिकी सैन्यातल्या कस्टरच्या घोडदळाकडे एकेरी बाराच्या कार्बाइन होत्या, आणि लाकोटा व शायान योद्ध्यांपैकी अनेकांच्या हातात हेन्री आणि विंचेस्टर होत्या. १९८३ मध्ये त्या माळावर वणवा लागून गवत जळालं. पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक यंत्रं घेऊन तो माळ पिंजून काढला. प्रत्येक बंदुकीची सुई काडतुसाच्या बुडावर आपली वेगळी खूण उठवते. त्या खुणा जुळवून एकेका रायफलीची वाट त्यांनी नकाशावर काढली : इथून झाडली, मग पुढे सरकली, मग तिथून झाडली. ती रायफल हातात घेतलेल्या माणसाचं नाव कोणाला ठाऊक नाही, पण तो त्या दिवशी कुठे पळाला आणि कुठे थांबला ते ठाऊक आहे. आणि पाच वर्षांनी, जुलै १८८१ मध्ये, लाकोटांचा नेता सिटिंग बुल फोर्ट ब्युफोर्डला शरण आला. आपली विंचेस्टर त्यानं गोऱ्या अधिकाऱ्याला स्वतः दिली नाही. आपल्या लहान मुलाच्या, क्रो फूटच्या हाती दिली आणि त्याला द्यायला सांगितली. लाकोटांच्या बंदुकांच्या दस्त्यावर पितळी चुकांची नक्षी असे. आज बाजारात अशा चुका ठोकलेल्या दस्त्यांना मोठी मागणी आहे आणि त्यातल्या पुष्कळ चुका हल्ली ठोकलेल्या आहेत. एका पराभूत समाजाच्या खुणा खोट्या करून विकणं यापेक्षा ओंगळ धंदा मला या क्षेत्रात दिसलेला नाही. लेखकानं त्या चुका ओळखायच्या कशा हे सविस्तर दिलं आहे. मूळ चुकेभोवती लाकडावर धुळीचं आणि तेलाचं काळं वर्तुळ साचतं, नव्या चुकेभोवती ते नसतं.

कॅलिफोर्नियात राहणारे मराठी लोक आलेल्या आईवडिलांना सॅन होजेचा विंचेस्टर वाडा हमखास दाखवतात. ऑलिव्हरची सून सारा हिनं १८८६ पासून १९२२ मध्ये मरेपर्यंत तो वाढवत ठेवला. बंदुकीनं मेलेल्यांच्या भुतांना चुकवायला ती जिने आणि दारं बांधत होती, असं तिथे सांगतात. तिच्या स्वतःच्या शब्दांत तसा पुरावा नाही. ज्या रायफलीच्या पैशावर तो वाडा उभा राहिला, तिच्याबद्दल जाणून न घेता माणसं बाहेर पडतात. त्यांनी तरी हे पुस्तक वाचावं असं मला फार वाटतं.

भारतातल्या वाचकासाठी एक स्पष्ट सूचना. अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र संघराज्याच्या कायद्यानं पुराणवस्तू धरलं जातं, म्हणून तिथे एकाच मॉडेलच्या दोन रायफलींत, एक १८९८ची आणि एक १८९९ची, किमतीचा फरक पडतो. आपल्याकडे १९५९चा शस्त्र कायदा आहे आणि चालू शकणारी बंदूक कितीही जुनी असली तरी तिला परवाना लागतो. वाड्याच्या माळ्यावर पणजोबांची बंदूक सापडली, तर ती आधी पोलिसांना कळवा, आणि जाणकाराला दाखवण्याआधी तिला तेलाचं बोटही लावू नका.

आता ज्या रायफलीमुळे हे पुस्तक लिहिलं गेलं, असं लेखक स्वतः सांगतो, तिच्याबद्दल. नोव्हेंबर २०१४ मध्ये नेवाडातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात एक पुरातत्त्वज्ञ हिंडत असताना ज्युनिपरच्या झाडाला टेकून ठेवलेली एक रायफल दिसली. १८७३चं मॉडेल. दस्त्याचा तळ मातीत रुतलेला, लाकूड उन्हानं झाडाच्या सालीसारखं करडं झालेलं, लोखंड तांबूस तपकिरी. कोणीतरी ती टेकवली आणि परत घ्यायला आलाच नाही. कोडीच्या वहीत अनुक्रमांक सापडला : १८८२ मध्ये बनली आणि रवाना झाली. कुठे गेली, ते वहीत नाही. कोडीच्या संग्रहालयानं ती घासली नाही, तिला रंग दिला नाही. लाकडाच्या सुटत्या कपच्या जागच्या जागी चिकटवल्या आणि तिथेच थांबले. मग गावातल्या रुग्णालयात नेऊन तिचा एक्स-रे काढला. नळीत काही नव्हतं. दस्त्याच्या बुडाशी नळी साफ करायच्या गजासाठी जी पोकळी असते, तिच्यात एक काडतूस होतं. ते काढून पाहिलं, तर १८८७ ते १९११ या काळात बनलेलं निघालं. म्हणजे ती रायफल झाडाला टेकली ती १८८७ च्या आधी नाही. एवढी एक गोष्ट सांगायला ते काडतूस कितीतरी वर्षं लाकडात बसून होतं. कोणी वाटेत तिला उचलून घासली असती, दस्ता बदलला असता, तर तेवढीही कळली नसती.

या पुस्तकाचा कच्चा खर्डा वाचून झाला त्या दिवशी मी माझी कार्बाइन टेबलावर घेतली आणि दस्त्याच्या बुडाची पोलादी पट्टी काढली. तिथे दोन स्क्रू असतात. ते बरोबर मापाच्या स्क्रू-ड्रायव्हरनं, खाच न दुखवता, सोडवले. आत लाकडावर पेन्सिलीनं लिहिलेला एक आकडा होता, कारखान्यातल्या कोणा सुताराचा. तिथवर माझा सँडपेपर पोचला नव्हता. मी एका छोट्या कागदावर लिहिलं : ही कार्बाइन १९९१ मध्ये घासली, रंगवली आणि दस्ता तासला, त्याआधी ती तपकिरी होती, डाव्या अंगाला कडीच्या मागे घासल्याची एक लांब खूण होती. कडी हलून हलून पडलेली ती खूण मला अजून डोळ्यांसमोर दिसते. खाली माझी सही आणि तारीख घातली. कागद घडी करून आकड्यावर ठेवला, पट्टी बसवली आणि स्क्रू होते तेवढेच आवळले.